अर्जातला ‘नाही’

प्रश्न अकरावा होता. ‘आपल्याला उच्च रक्तदाब आहे काय, किंवा पूर्वी कधी होता काय?’ समोर दोन चौकटी. मी ‘नाही’वर खूण केली आणि बाराव्या प्रश्नावर गेले. लपवाछपवीचा विचारही मनात नव्हता. वय ४४, धडधाकट, दवाखान्यात रात्र काढली ती एकदाच, बाळंतपणाची. आयुर्विमा काढायचा म्हणजे अर्ज भरायचा, तपासणीला जायचं, सही करायची, एवढंच डोक्यात होतं.

तोच अर्ज नव्याने भरेपर्यंत सहा महिने गेले. मधल्या काळात काय काय करावं लागतं हे मला कुणी सलग सांगितलं असतं तर बरीच घालमेल वाचली असती, म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, हिशेबतपासनीस आहे. खाली गोळीचं नाव आलंय ते माझ्या कागदावरचं आहे. तुमच्या कागदावर कदाचित वेगळं येईल.

९ जानेवारी, सकाळी साडेआठ, उपाशीपोटी. तपासणाऱ्या मुलाने रक्त घेतलं, वजन केलं (७८ किलो), मग स्वेटरच्या बाहीवरूनच दंडाला पट्टा बांधला. पट्टा फुगला, सुस्कारे टाकत उतरला. त्याने आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. “मॅडम, पाच मिनिटं बसा, पुन्हा घेऊ.” पुन्हा घेतलं, मग आणखी एकदा. १५८/९८, १५४/९६, १५६/९८. तिन्ही आकडे त्याने मुकाट्याने फॉर्मवर लिहिले.

मी म्हटलं, “जिना चढून आले ना, म्हणून असेल.”

“हो, होतं असं,” तो म्हणाला. मागे रांग होती, त्याला तरी किती वेळ असणार! त्या ‘होतं असं’वर मी पुढचे बारा दिवस मजेत काढले.

२१ जानेवारीला विमा कंपनीचं पत्र आलं. प्रस्ताव ‘तूर्त पुढे ढकलण्यात येत आहे’. सोबत कागदांची यादी: डॉक्टरांचा सविस्तर अहवाल, ईसीजी, लघवीची तपासणी, औषधं सुरू असतील तर त्यांचा तपशील. फोन लावला. पस्तीस मिनिटं वाट बघितल्यावर पलीकडची मुलगी म्हणाली, कारण आमच्या पडद्यावर दिसत नाही, वैद्यकीय विभागाचा निर्णय आहे. इथे एक सांगून ठेवते: तुमच्याच तपासणीचे रिपोर्ट लेखी मागा. मला आठ दिवसांत मिळाले. फोनवर तीनदा मागूनही मिळाले नव्हते.

त्या संध्याकाळी आईला फोन केला. तिचं उत्तर तयार होतं. “अगं, वय अधिक शंभर धरायचं. तुझं १४४ पर्यंत चालतं.”

हा हिशेब फार जुना आहे. वय वाढलं की नसा कडक होणार, मग दाब वाढायलाच हवा, असं एके काळी डॉक्टरही मानत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब वर्षानुवर्षं चढत गेला आणि त्यावर परिणामकारक असं फारसं काही त्या काळी हाताशीही नव्हतं. १२ एप्रिल १९४५ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हाचा आकडा ३००/१९० असा नोंदलेला आहे. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “ते राष्ट्राध्यक्ष होते, त्यांना युद्धाचं टेन्शन.” आणि मग, जाता जाता: “तुझ्या बाबांची गोळी सुरू झाली ना, तेव्हा ते एक्केचाळिशीचे होते.”

“हे तू मला कधी सांगितलंस?”

“त्यात सांगण्यासारखं काय होतं?”

रात्री कपाटातल्या जुन्या फायली काढल्या. सवयच आहे; कुणी आकडा अमान्य केला की मी मागची पानं उघडते. बाळंतपणाचं कार्ड तेरा वर्षांपूर्वीचं. शेवटच्या महिन्याच्या रकान्यात लाल शाईने १४८/९४ आणि खाली १५०/९६. तेव्हा ‘बाळंत झालीस की उतरेल’ असं सांगितलं होतं. उतरलंही. पण गरोदरपणात ज्यांचा दाब वाढतो त्यांना पुढे आयुष्यात उच्च रक्तदाब होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून दर वर्षी मोजत राहावं लागतं, हा भाग एकतर मला कुणी सांगितला नाही किंवा कडेवर बाळ घेऊन मी ऐकला नाही. दुसरा कागद दातांच्या दवाखान्यातला, चार वर्षांपूर्वीचा. दाढ काढण्याआधी मोजलेलं: कोपऱ्यात पेन्सिलीने १४६/९२, पुढे कंसात ‘भीती?’ असं प्रश्नचिन्हासह.

म्हणजे दाब याआधी दोनदा सापडलाच होता. पहिल्यांदा बाळंतपण, दुसऱ्यांदा दाढ, आणि आता जिना. दर वेळी आकड्याच्या शेजारी एक सबब उभी होती आणि दर वेळी ती पटण्यासारखी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १४० कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता आणि त्यांतल्या ४४ टक्क्यांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नव्हतं. हे वाचताना मला वाटायचं, या लोकांनी कधी मोजलंच नसेल. आता वाटतं, त्यांतल्या काहींनी माझ्यासारखं मोजून कागद फायलीला लावला असेल.

२४ जानेवारीला डॉक्टर बाईंकडे गेले. टोकन २३, वाट बघणं एक तास चाळीस मिनिटं. बाईंनी आधी बाही वर करायला लावली, पाठ खुर्चीला टेकवून, पाय सरळ जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पाच मिनिटं गप्प बसवलं. मग दोन्ही दंडांवर मोजलं, कारण दोन हातांत फरक असतो आणि ज्या हातावर जास्त येतं तोच पुढे धरायचा. उजवा १६२/१००, डावा १५६/९६.

“पण मला काहीच होत नाही,” मी म्हटलं. “डोकं दुखत नाही, गरगरत नाही.”

“बहुतेकांना होत नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर मोजायचं.”

त्यांनी गोळी लगेच दिली नाही. पांढरा कोट बघून काहींचा दाब चढतो, आणि उलटही असतं, दवाखान्यात ठीक आणि घरी चढलेला. म्हणून सात दिवस घरी मोजून आणायला सांगितलं. फक्त एक ताकीद दिली: १८०/१२०च्या पुढे गेलं आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलण्यात जडपणा, दिसण्यात फरक, एका अंगाला अशक्तपणा असं काही असेल, तर वहीत लिहीत बसायचं नाही, तडक इमर्जन्सीला जायचं.

मशीन घेताना मी पहिली चूक केली. सगळ्यात सुटसुटीत दिसणारं घेतलं आणि पट्ट्याचं माप बघितलंच नाही. पट्ट्यावर २२ ते ३२ सेंटिमीटर असं छापलेलं होतं. माझा दंड कापडाच्या टेपने मोजला तर ३४. पट्टा लहान पडला की आकडा खोटाच जास्त येतो. मोठा पट्टा वेगळा मागवावा लागला, त्यात तीन दिवस गेले. मनगटाचं मशीन घेऊ नका असं बाईंनी आधीच सांगितलं होतं. कुठलं मॉडेल नीट तपासलेलं आहे याची यादी ‘स्ट्राइड बीपी’ या संस्थेच्या संकेतस्थळावर मिळते. विकत घेण्याआधी ती बघायची असते, नंतर नाही.

२८ जानेवारी ते ३ फेब्रुवारी. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, दोन्हींत एका मिनिटाचं अंतर. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, व्यायाम नाही. लघवीला जाऊन यायचं, मोजताना बोलायचं नाही. वहीत रकाने आखले. माझं अक्षर चांगलं आहे. वही देखणी झाली होती.

४ फेब्रुवारीला ती वही मी जरा ऐटीतच पुढे केली. सरासरी काढून खाली रेघ मारली होती: १३९/८८. बाईंनी वही बघितली, मग म्हणाल्या, “मशीन आणलंय ना?” मशीनवर एक बटण असतं, ‘एम’, मेमरीचं. त्यांनी ते दाबायला सुरुवात केली. टिक, टिक, टिक. खोलीत दुसरा आवाज नाही. त्यांचे ओठ हलत होते. त्या मोजत होत्या.

“वहीत अठ्ठावीस नोंदी आहेत,” त्या म्हणाल्या. “मशीनमध्ये एक्केचाळीस.”

माझे कान तापले. हे वाक्य मी आयुष्यात कितीतरी लोकांना ऐकवलंय, थोड्याफार फरकाने. जास्त आकडा आला की मी मनात म्हणायचे, आत्ता फोन वाजला म्हणून, पाय दुमडला होता म्हणून. आणि पुन्हा मोजायचे, कमी आलं की ते लिहायचे. मोजण्याचे नियम खरेच आहेत, पण माझ्या हातात पडल्यावर त्यांच्याही सबबी झाल्या. सगळ्या एक्केचाळीसची सरासरी १४५/९१ निघाली. घरी मोजलेल्या आकड्यांसाठी रेषा १३५/८५ची आहे, दवाखान्यातल्यासारखी १४०/९०ची नाही. म्हणजे माझा रंगसफेदी केलेला आकडाही रेषेच्या वरच होता. वही खोटी लिहिण्याचे कष्टसुद्धा फुकट गेले.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चोवीस तासांचं मशीन लावायला सांगितलं.

त्यासाठी आठ दिवसांची वाट. १२ फेब्रुवारीला दंडाला पट्टा, कमरेला डबी. दिवसा दर वीस मिनिटांनी, रात्री दर अर्ध्या तासाने पट्टा आवळतो. आवळायला लागला की हात सैल सोडून स्तब्ध राहायचं. मी मीटिंगमध्ये बोलताना मध्येच पुतळा होत होते. अंघोळ नाही. सैल बाहीचे कपडे घाला, आणि काय केलं, कधी झोपलात, कधी उठलात याची चिठ्ठी ठेवा, कारण रात्रीचा हिशेब त्यावरूनच लागतो. झोपेचं खोबरं होतं, पण एकाच रात्रीचं. या सगळ्या प्रकरणात सर्वांत महाग पडली ती हीच तपासणी, आणि सर्वांत स्वस्त पडतेय ती रोजची गोळी. हे आधी कळलं असतं तर मी पैशाची जी काळजी केली तिची जागा बदलली असती.

रिपोर्ट: दिवसा १४६/९२, झोपेत १३८/८६. झोपेत दाब साधारण दहा ते वीस टक्के उतरायला हवा. माझा पाच-सहा टक्केच उतरत होता. बाईंनी विचारलं, “घोरता का?” मी ‘नाही’ म्हटलं आणि त्याच क्षणी शेजारी बसलेल्या नवऱ्याने ‘हो’ म्हटलं. (माझे ‘नाही’ एव्हाना कुणी मोजत नव्हतं.) घोरण्यात श्वास अडकत असेल तर त्यानेही दाब चढलेला राहतो. घरी न्यायचं छोटं यंत्र लावून एक रात्र झोपले: तासाला नऊ वेळा अडथळा, सौम्य. कुशीवर झोपा, वजन उतरवा, सहा महिन्यांनी पुन्हा बघू, एवढ्यावर ते निभावलं.

रक्त-लघवीच्या रिपोर्टात मात्र एक ओळ ठळक छापलेली होती. ईसीजी ठीक, डोळ्याचा पडदा ठीक, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ठीक. पण लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं प्रमाण ४१. तीसच्या आत हवं. एका रिपोर्टवर निष्कर्ष काढत नाहीत म्हणून सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना पुन्हा दिला: ३८. मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्यांवर दाब पडून प्रथिन झिरपायला लागलं होतं. ‘मला काहीच होत नाही’ हे माझं वाक्य इतके दिवस मी एकटीच्या वतीने बोलत होते. घरी आल्यावर त्या रात्री जेवले नाही. कुणाशी बोललेही नाही. नवऱ्याने न विचारता भांडी घासली, ते आठवतंय.

१७ फेब्रुवारीला टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम सुरू झाली. लघवीतून प्रथिन जात असेल तर या जातीची गोळी आधी बघतात. लिहून देण्याआधी बाईंनी मूल होऊ देण्याचा विचार आहे का असं स्पष्ट विचारलं, कारण गरोदरपणात ही गोळी चालत नाही. मग विचारलं, दुसरं काय घेता? कधीमधी आयबुप्रोफेन, मी म्हटलं. कधीमधी म्हणजे किती? हिशेब केला तर आठवड्यातून तीन-चार दिवस, पाठीसाठी. हे मी औषधात धरतच नव्हते, कारण ते पर्समध्ये असतं. या जातीच्या वेदनाशामकांनी दाब चढतो, मूत्रपिंडावरही ताण येतो, आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही दाब चढतो. बंद केलं. पाठीसाठी व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे पाठवलं.

पहिले दहा दिवस पटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. आधी काठावर बसायचं, मग उठायचं. दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासलं. या गोळीने पोटॅशियम वाढू शकतं. त्याच कारणाने ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणारं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. मी विकत आणून ठेवलं होतं. उघडायच्या आधी विचारलं म्हणून वाचले.

मिठाचा हिशेब करायला मला मनापासून मजा आली, हे कबूल करते. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे साधारण एक छोटा चमचा, सगळं मिळून. पाकिटावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम असतं, मिलिग्रॅममध्ये, अडीचने गुणायचं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ. आणि तो आकडा पाकिटाचा असतो की शंभर ग्रॅमचा, हे बघायचं, गोम तिथे असते. घरात वरून मीठ घ्यायचं मी बंद केलं तरी पहिल्या आठवड्यात माझा आकडा नऊच्या खाली येईना. सगळं पाकिटांतून येत होतं. तीन आठवडे जेवण बेचव लागलं, मग जीभ सरावली. आता बाहेरचं खारट लागतं.

चालणं आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कंटाळवाणं असतं.

एप्रिलअखेर सरासरी १२६/८० आली आणि मी गोळी बंद केली. कुणाला न विचारता. बरं झालंय ना, मग कशाला, असा साधा विचार. बारा दिवसांत १४८/९२. बाईंना सांगायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला, तोही फोनवर. त्या म्हणाल्या, “तो १२६ गोळीचा होता, तुमचा नव्हता.” पुन्हा सुरू केली. आता डबीला सात कप्पे आहेत, वारांचे, आणि गोळी दात घासायच्या ब्रशशेजारी असते. माझ्यासारख्यांना इच्छाशक्तीपेक्षा जागा उपयोगी पडते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात घरची सरासरी १२७/८०, या वेळी वहीतल्या आणि मशीनमधल्या नोंदी सारख्या. वजन ७४. लघवीतलं प्रमाण २४.

मग विम्याचा अर्ज, नव्याने, कारण जुना नव्वद दिवसांनी आपोआप रद्द झाला होता. डॉक्टरांचा अहवाल त्यांच्याच छापील नमुन्यात लागतो, दवाखान्याच्या कागदावरचा परत येतो. माझा एकदा आला. हप्ता वाढवून मागतील, ते एजंटने आधीच सांगितलं. मागितला. कुरकुरत कबूल केला.

अकराव्या प्रश्नाला ‘होय’वर खूण केली. ‘होय’ म्हटलं की उजवीकडे आणखी एक चौकट भरावी लागते, बोटाच्या पेराएवढी: ‘केव्हापासून?’

पेन तिथेच थांबलं. फेब्रुवारीपासून लिहू, की जानेवारीपासून, की पेन्सिलीतल्या १४६/९२पासून, की लाल शाईपासून? बाईंना फोन केला. “निदान कधी झालं ते लिहा,” त्या म्हणाल्या. “सुरू कधी झालं ते कुणालाच लिहिता येणार नाही.”

मी ‘निदान: १७ फेब्रुवारी’ लिहिलं. मग चौकटीत जागा उरली नाही म्हणून एक वेगळा कागद जोडला, त्यावर बाळंतपणाच्या कार्डावरचे दोन्ही आकडे आणि दातांच्या दवाखान्यातला एक, तारखांसकट उतरवले, झेरॉक्स लावल्या आणि अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं: ‘सोबत जोडपत्र १’.